एकाच्या बदल्यात दोन

"सांग, लक्ष्मीकांत. या सौद्यात कोण जिंकलं?"

अबू मिशारींनी टेबलावर साखरेच्या तीन पुड्या मांडल्या. एक अलीकडे, दोन पलीकडे. अलीकडची पुडी म्हणजे त्यांच्या लाडक्या टेक्सासच्या संघाचा क्वार्टरबॅक. संघानं तो परवाच दुसऱ्यांना देऊन टाकला होता. पलीकडच्या दोन म्हणजे त्याच्या बदल्यात आलेले दोन धिप्पाड गडी. आखातातल्या जाब्रिया भागातल्या या क्लिनिकचे हे मालक तरुणपणी टेक्सासात शिकले आणि येताना पदवीपेक्षा अमेरिकन फुटबॉलचं वेडच जास्त घेऊन आले.

लक्ष्मीकांत ढवळे त्यांचा एक्स-रे टेक्निशियन. गाव कराड. हा खेळ त्यानं तीन वर्षं मोबाइलवर बघून पाठ केला होता, तोही फक्त साहेबांशी बोलायला विषय असावा म्हणून. चमचेगिरीच ती, दुसरा शब्द नाही. पण चमचेगिरीसुद्धा त्यानं अभ्यास करून केली होती.

आज मात्र त्याच्या डोक्यात दुसराच सौदा होता. साहेबांच्या चुलतभावाचं शुऐब्याला क्लिनिक होतं. त्याला इथला एक माणूस हवा होता, बदल्यात तो दोन देणार होता. रिसेप्शनवरच्या मुमताजनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "नाव तेवढं ऐकायला गावलं नाय, भाऊ," ती म्हणाली होती.

शुऐबा म्हणजे धुराडी, गॅसचा वास आणि पहाटेपासून कामगारांची रांग. रोजचे दोन तास गाडीत. इकडे घर पाच मिनिटांवर, बायको दोन गल्ल्या सोडून हॉस्पिटलात नर्स, पोरगी दहावीला. सकाळी डबा हातात देताना संपदा म्हणाली होती, "अहो, घरात एवढं तोंड चालतं तुमचं. आज जरा तिकडे चालवा."

दोघांच्या तोलाचा एक माणूस कोण, हे शोधायला लक्ष्मीकांतला वेळ लागला नव्हता. डॉक्टर? ते स्वतःच्या मर्जीनं येतात, मर्जीनं जातात. नर्सेस? त्या आधीच कमी. वाजिद? छे! तो म्हसळ्याचा गडी मंदूब म्हणून क्लिनिकची सरकारी कचेऱ्यांतली कामं करतो म्हणे. काखेत फायली, गाडीत एसी, हातात चहा. सकाळी तो एक्स-रेच्या खोलीत डोकावला होता. "सर, इथं राहायचा इकामा संपतोय तुमचा. दोन फोटो द्या." लक्ष्मीकांतनं त्याला हाकलला होता. "पेशंट दिसत नाही का? रिकामटेकडा कुठला!"

म्हणजे उरलं कोण? भीती होतीच, पण छातीही फुगली होती.

"काय झालं? बोल की," साहेब म्हणाले.

"तुमचा संघ बुडाला, सर. साफ बुडाला."

"पण एकाच्या बदल्यात दोन आले ना!"

"दहा येऊ देत." लक्ष्मीकांतनं अलीकडची पुडी उचलून मुठीत घट्ट धरली. "क्वार्टरबॅक कुणाला धडक देत नाही. फारसा पळतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता मागे उभा आहे, फुकटचा पगार खातोय. पण चेंडू त्याच्या हातातून सुटल्याशिवाय तुमचा एक माणूस जागचा हलत नाही. तो गेला की बाकीची दहा बुजगावणी!"

अबू मिशारींच्या भुवया वर गेल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग काय करायचं होतं?"

"द्यायचाच होता तर एखादा लाइनमन द्यायचा. एका जागी उभं राहायचं आणि समोरच्याला हलू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. असले पायलीला पन्नास मिळतात, सर!"

"दुसरा संघ लाइनमनवर तयार होईल?"

"न व्हायला काय झालं? दोनाऐवजी एकच मागा. नाचत तयार होतील."

साहेबांनी फोन उचलला. ते अरबीत बोलले, मधेच हसले. लक्ष्मीकांतची अरबी 'श्वास धरा' आणि 'हलू नका' एवढ्यावर संपायची. फोन ठेवून साहेब उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"घोडचूक करत होतो मी. वाचवलंस."

लक्ष्मीकांत तरंगतच खोलीत आला. संपदाला मेसेज टाकला, "वाचलो. माझ्यासारखा माणूस सोडतायत होय!" मग एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचे त्यानं दोन फोटो जास्तीच काढले.

तासाभरात वाजिद दारात आला. काखेत फाइल. डोळे लाल.

"ये रे, ये. फोटो हवेत ना? देतो बाबा."

"जुने चालतील, सर. फक्त सही द्या."

कागद अरबीत होता. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. पहिलीत लक्ष्मीकांत ढवळे. दुसरीत शुऐबा.

"हे... यावर माझं नाव कसं?"

"सकाळपर्यंत माझं होतं, सर." वाजिदनं बाहीनं डोळे पुसले. "साहेबांनी सांगितलं मला सगळं. वाजिद नसला तर इथला एक इकामा हलणार नाही, एक लायसन हलणार नाही. त्याला सोडू नका, त्यापेक्षा एका जागी उभं राहून 'हलू नका' म्हणणारा कुणी द्या, असं तुम्ही तोंडावर सांगितलंत." त्यानं पेनचं टोपण काढलं आणि पेन दोन्ही हातांनी पुढे केलं. "लक्ष्मीकांतभाई, माझ्यासाठी सख्खा भाऊपण एवढा भांडला नसता."