वहीवाला

तो आजही होता. फरशीवाल्याच्या दुकानासमोर, फरशीवाल्याच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही घेऊन. कॅप्टनबाईने पायडल न थांबवता मान तेवढी वळवली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या बायकांकडे, आणि वहीत काहीतरी टिपलं.

"बघितलंस? कालही हेच चाललं होतं," ती मागचीला म्हणाली. "पाणी कुठेतरी मुरतंय."

इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जाणाऱ्या तीसेक जणी रोज सकाळी साडेसहाला या रस्त्याने सायकलवरून जात. सगळ्यात पुढे ही, म्हणून नाव पडलं कॅप्टनबाई. घरातही तीच कॅप्टन, असं बायका म्हणत, आणि तिचा नवरा ते कधी नाकारत नसे.

सायकलींसाठी ही वेगळी वाट होऊन सव्वापाच महिने झाले होते. कडेला हिरवा पट्टा, बाजूने गुडघाभर खांब. त्याआधी तिथे फरशीवाल्याचे ट्रक उभे असत, आणि बायकांना ट्रकला वळसा घालून भर वाहतुकीत शिरावं लागे. तशाच एका वळशात कॅप्टनबाईची धाकटी जाऊ बसखाली आली. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. मग कॅप्टनबाईने दोन वर्षं पालिकेचे उंबरठे झिजवले. शेवटी इंजिनियरसाहेब कंटाळून म्हणाले, "करतो, बाई. पण सहा महिने बघू. चाललं तर ठेवू, नाहीतर उखडू." फरशीवाला शेजारीच उभा होता. म्हणाला, "बघतोच, किती दिवस टिकतंय ते."

आणि आता त्याच्या खुर्चीत हा वहीवाला! एवढ्यात खुद्द फरशीवाला हसत हसत बाहेर आला आणि त्याच्या हातात चहाचा कप देऊन गेला. कॅप्टनबाईचं डोकंच फिरलं. तिने कचकन ब्रेक दाबला.

"काय लिहिता हो आमच्याबद्दल?"

त्याने झटकन वहीवर तळहात ठेवला. "सांगायची परवानगी नाही, ताई."

"कोणाची परवानगी? यांची?" तिने दुकानाकडे बोट केलं.

तो ओशाळला. "जा ताई, उशीर होईल कामाला."

चोराच्या मनात चांदणं! आता आणखी पुरावा कशाला हवा?

दुपारच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून बायकांची सभा भरली. कोणी म्हणालं, आपण जोडीजोडीने गप्पा मारत चालवतो ते लिहीत असेल. कोणी म्हणालं, सिग्नल तोडणाऱ्यांची यादी करत असेल. सगळ्यात वयस्कर बाई हळूच म्हणाली, "अगं, एकदा पालिकेत विचारून तर ये."

"पालिकेत विचारलं की तासाभरात फरशीवाल्याला कळणार. सगळे एका माळेचे मणी," कॅप्टनबाई म्हणाली. "उद्यापासून मागच्या गल्लीने जायचं. आपली सावलीसुद्धा त्याला दिसता कामा नये. वही कोरी राहिली, तर तक्रार कशाची करतोय?"

"त्या गल्लीत कुत्री आहेत गं. चावली तर?"

"चावू देत. कुत्री निदान लिहून तरी ठेवत नाहीत."

बुधवारपासून सगळा ताफा मागच्या गल्लीने जायला लागला. खड्डे, उघडी गटारं, भुंकणारी कुत्री. एकीचं कोपर सोललं, दोघींच्या चेन तुटल्या. कामावर पोचायला उशीर झाला म्हणून मुकादमाची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण एकीनेही कुरकुर केली नाही. सोमवारी कॅप्टनबाई एकटीच पुढे जाऊन बघून आली. खुर्ची गायब, वहीवालाही गायब.

"पळाला!" ती ओरडली. त्या दिवशी तिने धुलाईघरात सगळ्यांना बिस्किटं वाटली. दुसऱ्या दिवशी फरशीवाल्याच्या दारासमोरून जाताना बायकांनी मुद्दाम लांबलचक घंटी वाजवली.

पंधरा दिवसांनी, कामावर जाताना, त्यांना रस्त्यात पालिकेची माणसं दिसली. मशीन लावून खांब उपटत होती. हिरव्या पट्ट्यावर काळा रंग फासून झाला होता.

कॅप्टनबाई कामावर गेलीच नाही. तडक इंजिनियरसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "किती पोचवले फरशीवाल्याने?"

साहेब चिडले नाहीत. त्यांनी एक फाईल उघडली. "बाई, इथे फरशीवाल्याचं काही चालत नाही. सहा दिवस मोजणी असते. रोजच्या सरासरी वीस तरी सायकली हव्यात. तुमच्या रस्त्यावर बाराच भरल्या."

"बारा? आम्ही एकट्याच तीसजणी आहोत! कोणी मोजलं?"

साहेबांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे हात केला. तिथे वहीवाला बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला. साहेब फाईलमधले आकडे वाचत होते. सोमवारी एकतीस. मंगळवारी एकतीस. बुधवारी तीन. गुरुवारी दोन.

कॅप्टनबाईने टेबलाची कड धरली. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली. "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की लोक मुद्दाम दहा फेऱ्या मारतात, ताई. म्हणून आम्हाला सक्त बंदी असते," वहीवाला म्हणाला. मग जरा थांबून त्याने मान खाली घातली. "माझी वेळ साडेसातपर्यंतच होती. पण बुधवारपासून मी रोज तासभर जास्त बसलो. म्हटलं, येतीलच आता त्या."