न मिळणारी क्लचप्लेट

"आमचे सासरे क्लचप्लेट मागायला आले, तर नाही म्हणा," असं सुनेनं स्पेअर पार्टच्या दुकानदाराला हळूच सांगून ठेवलं होतं. "मोटरसायकल आता झेपत नाही त्यांना. पण ते त्यांना सांगायचं कुणी?"

तेव्हापासून प्लेट खणात पडून होती, आणि दुकानदार दर आठवड्याला म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगत होता, "काका, ते मॉडेलच बंद झालंय हो. माल येत नाही."

"अरे, हे दुकान आहे की देखावा?" असं म्हणत काका हसतच परत जायचे.

शेवटी त्या भल्या माणसाशी खोटं बोलणं दुकानदाराच्या जिवावर आलं. एके दिवशी त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं. "काका, मिळाली बघा एकदाची!"

काकांचा चेहरा उतरला. खोकं न उघडताच त्यांनी ते परत सरकवलं. "माझ्या गाडीची नाही ही."

"अहो, तुमच्याच गाडीची आहे! खोक्यावर छापलंय की."

काकांनी मागे कुणी उभं नाही ना, ते पाहिलं.

"तू आपला शोधत राहा, बाबा. पार्ट मिळत नाही म्हणून गाडी उभी आहे, एवढंच घरात माहीत असू दे."