मुठीतलं टोपण

व्हॉल्व्हचं काळं टोपण. सुके बोंबील. सीटच नसलेली मोटरसायकल. नदीतला कातळ. दगडांवरून गाडी चढवायच्या स्पर्धेतल्या शेवटच्या कातळाखाली कमू गाडीवर उभी होती. पाय जमिनीला लागला तर गुण जाणार, आणि एक गुण गेला की राज्याच्या संघातली जागा गेली. मोखाड्याच्या बाजारातून थेट पोशेऱ्याला नदीवर आलेली आई बोंबलाची पिशवी सावरत काठावरून ओरडली, “कमे, पाय टेक, पडशील!” शेजारचा मंगेश म्हणाला, “मावशी, गप ना! टेकला तर हरेल ती.” “हरू दे, दात तर राहतील!” कमूला हसू आलं. तिनं क्लच सोडला. पुढचं चाक चढलं, मागचं शेवाळावर घसरलं. आईनं मुठीतलं टोपण आवळलं. कमी हवेचं मऊ टायर पसरलं, दगडाला चिकटलं आणि कमू वर पोहोचली, पाय न टेकता. बाजाराला निघण्याआधी, दगडावर पकड बसावी म्हणून, त्या चाकातली थोडी हवा आईनंच सोडली होती.