साखळीतला हात

चढाईला खेळाडूऐवजी यंत्र आलं. कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कोपरा राखणारी तारामती मॅटवर एकटीच उभी होती. व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीत हल्ली खेळाडूंना असंच एकेकटं पारखत. दर पकडीआधी तिचा डावा हात शेजारच्या रिकाम्या हवेत जोडीदारणीचा हात शोधू लागे, आणि तेवढ्यात यंत्र निसटून जाई.

पडद्यावर निकाल उमटला: प्रतिसाद उशिरा, अपात्र.

“ताई, कुणीतरी नुसता हात धरा ना. माझी पकड साखळीतलीच आहे,” तारामती म्हणाली.

“कळतं गं,” निवड करणाऱ्या शालनताई म्हणाल्या, “पण जोडीला कुणाला आणू आता?” आणि त्यांनी पडद्यावरच्या निकालावर मंजुरीचा अंगठा टेकवला.

बारा वर्षं त्याही साखळीतच खेळल्या होत्या. आपणच मॅटवर उतरायला हवं होतं, हे त्यांच्या मनात आलं, तोवर तारामती त्यांच्या पाया पडून निघून गेली होती.