पेवाची दवंडी

“आवं मास्तर, पर हुकूम कुनाचा म्हनू?” तात्याबाने हलगी गळ्यात अडकवता अडकवता विचारलं.

विश्रामबागेतल्या कॉलेजातून सायकल हाणत अनंत गावात आला तेव्हा दवंडीला हुकूम लागतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. रसायन शिकवणाऱ्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? तात्याबाने आजवर पिटलेली दवंडी पाटलांच्या हुकमाने, नाहीतर दरबारच्या. नुसतं खरं आहे म्हणून गावाला ओरडून सांगायचं, हे त्याच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं.

“पाटलांकडे गेलो होतो मी,” अनंत म्हणाला. “ते म्हणतात, आधी कुठंतरी छापून येऊ द्या, मग बघू.”

“मग येऊ द्या की छापून.”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. या गावची हळद पेवांत ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाला अरुंद आणि पोटात ऐसपैस कोठार. बंद पेवात हवा मारक होते हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीने कंदील सोडतात आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरतो. पण दुसऱ्या दिवशी कंदील कोणी सोडत नाही. कालच तर उघडलंय, त्यात काय बघायचं! अनंतने रात्रभर उघड्या राहिलेल्या पेवांच्या तळाची हवा बाटल्यांत भरून नेली, तपासली. ती रातोरात पुन्हा तितकीच जीवघेणी झालेली होती.

दसऱ्याला त्याने त्यावरचा निबंध विलायतेतल्या एका शास्त्रीय मासिकाला धाडला. संपादकाने तो पसंत केला, पण लढाईमुळे कागदाची टंचाई, छापायला वर्ष लागेल म्हणाला. आणि तोवर ही गोष्ट दुसरीकडे कुठे जाहीर झाली तर निबंध परत. अनंतची हंगामी नोकरी कायम व्हायची ती त्या निबंधाच्याच जोरावर. तो तोंड मिटून बसला. संक्रांत झाली आणि आदल्या दिवशी उघडलेल्या पेवात उतरलेला एक हमाल वर आलाच नाही. तेव्हापासून अनंतला अन्न गोड लागत नव्हतं. आज आणखी पेवं उघडली होती. उद्या सकाळी त्यांत माणसं उतरणार होती.

“माझं नाव घ्या,” तो म्हणाला.

तात्याबाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “तुमचं? बरं. आन् सांगायचं काय?”

अनंतने खिशातला कागद काढून वाचायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइडपाशीच तात्याबाने हात वर केला.

“ह्ये आमच्या हलगीत बसायचं न्हाई. वाईट वारं म्हनू का?”

“नको, नको! लोक देवऋष्याला बोलावून आणतील.”

“मग कोंडल्याली हवा म्हनतो. फुडं?”

“काही पेवांमध्ये असं आढळून आलं, की...”

“काही म्हनलं का संपलं, मास्तर. जो त्यो म्हनंल, आपलं पेव त्यातलं न्हवं.”

त्या ‘काही’वर अनंतचा भारी जीव. त्या एका शब्दासाठी तो संपादकाशी पत्रापत्री करून भांडला असता. “बरं, काढा,” तो म्हणाला.

हलगी कडाडली. “ऐका हो ऐका! पेव काल उघडल्यालं आसंल तरी आज तसंच उतरू नगा हो! रातीत तळाला हवा पुन्ना कोंडती! रोज सकाळी तळापतुर कंदील सोडा, मगच उतरा हो! हुकूम अनंत मास्तरांचा हो!”

“ह्यो कोन नवा पाटील?” कट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. पण दोघे-तिघे हमाल उठून जवळ आले. कंदील विझला तर किती वेळ थांबायचं, भर दुपारी उतरलं तर चालतं का, असं विचारू लागले. अनंत सांगत सुटला. कॉलेजात इतके प्रश्न त्याला वर्षभरात कोणी विचारले नव्हते. आपला निबंध आता गेला, हे त्याला कळत होतं. वाईटही वाटत होतं.

गर्दीमागून एक बाई पुढे आली. हमाल बाजूला झाले. संक्रांतीला पेवात गेलेल्या हमालाची ती बायको, राहीबाई.

“मास्तर,” तिने विचारलं, “ह्ये कवा कळलं तुमास्नी?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं?

“दसऱ्याला,” अनंत म्हणाला.

तात्याबाच मध्ये पडला. “आगं, त्येंचं छापायचं ऱ्हायलं हुतं...”

राहीबाईने त्याला हातानेच थांबवलं. ती अनंतकडे वळली. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल. द्याव्यात, असंही त्याला वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं.

“मग हितं कशाला हुबं ऱ्हायलाय?” ती म्हणाली. “वरल्या आळीला जावा बिगीबिगी. माजा धाकला दीर उद्या उतरनार हाय. आन् दोनदा सांगा त्येला. एका सांगन्यात आयकायचा न्हाई त्यो.”