सक्तीचा रकाना

“सर, तुम्हाला फॉर्मचे नियम लिहायला आठवडा लागतो. माझा प्रोग्राम ते चुटकीसरशी लिहितो. मग तुम्ही दिवसभर करता काय?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी भर वर्गात विचारलं. कॉम्प्युटरचे सर हसले. “मग गॅदरिंगची नावं तुझ्याच फॉर्मवर घेऊ. मोठ्या पडद्यावर!”

मी तर हवेतच! शाळेच्या डेटाबेसमधला तक्ता वाचून कुठला रकाना सक्तीचा, कुठे काय चालेल, हे माझा प्रोग्राम आपोआप ठरवायचा. त्याने लिहिलेले नियम मी वाचलेही नव्हते.

एकल नृत्यासाठी वर्गातली शाल्मली आली. तिने वडिलांचं नाव सोडून पुढचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘वडिलांचं नाव आवश्यक.’

“अगं, टाक की पटकन!” मीच ओरडले.

तिने हळूच ‘नाहीत’ असं टाइप केलं. फॉर्मने ते निमूट स्वीकारलं आणि पडद्यावर झळकलं, ‘शाल्मली नाहीत केळशीकर, तुमचं स्वागत आहे!’

वर्ग खिदळला. मीही हसले. मग ती नाव खोडून बाकावर जाऊन बसली, तेव्हा माझे कान तापले. सर रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर दप्तरही न उतरवता मी सगळा प्रकार सांगितला आणि म्हणाले, “आई, बाबा, तो नियम मी काढून टाकलाय. उद्या शाल्मलीची माफी मागून त्याच पडद्यावर पहिला फॉर्म मी भरणार आहे, वडिलांचा रकाना रिकामा ठेवून. बाबा, तुम्ही रागवायचं नाही.”