खारे पिस्ते

"तो डॉक्टर रशाद मला दे, ताई," नायिफ म्हणाला.

विमानतळाच्या दारात परिषदेचं टेबल मांडलं होतं आणि टेबलामागे हिबाताई बसली होती. कुठला पाहुणा कुठल्या गाडीत बसवायचा आणि मृत समुद्राकाठच्या कुठल्या हॉटेलात उतरवायचा, हे सगळं तिच्या हातात. एरवी कुणी पाहुणा मागून घेतला की ती ड्रायव्हरला फाडून खायची. आज तिने सरळ नावाची पाटी पुढे केली.

"घे बाबा. तुलाच ठेवलाय."

नायिफने रात्रभर रचलेली थाप तोंडातच राहिली.

"आणि आधी न्याहारी कर. रिकाम्या पोटी उतार उतरायचा नाही," ती म्हणाली.

टोपलीत गरम भाकऱ्या होत्या, वर तेलात कालवलेला झातर, रानपाल्याचा मसाला. बाकीचे ड्रायव्हर तुटून पडले होते.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला रे!" म्हातारा अबू अदनान तोंडातला घास सावरत म्हणाला. "हे लोक पाणी विचारत नाहीत कधी, आणि आज घरच्यासारख्या भाकऱ्या!"

नायिफच्या पोटात कालपासून अन्न नव्हतं. त्याने उभ्या उभ्या दोन संपवल्या. मीठ जरा सढळ पडलं होतं, म्हणून वर गोड चहा प्यायला आणि पाटी घेऊन दारात उभा राहिला.

डॉक्टर बाहेर आला. वाळलेला, पिकलेला, हातात एकच बॅग. नायिफने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा स्वतः नायिफला मिसरूड फुटलं नव्हतं. आता दाढी होती. हा कशाला ओळखतोय, असं त्याने स्वतःला बजावलं.

नायिफने मागचं दार उघडलं. डॉक्टर सरळ पुढे येऊन बसला.

"मागे बसायला मी काय मंत्री आहे? चल भाऊ, अल्लाचं नाव घे."

सीटखाली नायिफच्या बापाचं पिस्तूल होतं, फडक्यात गुंडाळलेलं.

ह्याच डॉक्टरच्या गाडीखाली नायिफचा थोरला भाऊ मुतीअ गेला होता. गावच्या रस्त्यावर, भर दुपारी. अपघात कुणाच्याही हातून होतो. पण रीत असते. त्याच दिवशी गावची वडीलधारी माणसं घेऊन दारात यायचं, मान खाली घालायची, समेटासाठी मुदत मागायची. हा आला नाही. विमानात बसून निघून गेला तो आज उगवला होता, मोठा डॉक्टर होऊन, भाषण करायला. नायिफची आई अजून ईदला गोड करत नव्हती. दाराकडे तोंड करून बसायची. "माझ्या पोराचं विचारणारं कुणी आहे की नाही?" एवढंच म्हणायची, आणि नायिफची मान खाली जायची.

शहर मागे पडलं. डॉक्टरने खिशातून पुडी काढली.

"घे, पिस्ते. खारे आहेत."

"नको, डॉक्टरसाहेब."

"अरे, घे की. रस्ता लांब आहे."

"दात दुखतोय."

ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलायचा नाही, हे नायिफच्या लोकांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. सख्ख्या भावाचा मारेकरी असला तरी नाही. मीठ पोटात गेलं की हात बांधला गेला.

उतार सुरू झाला. कानात दडे बसले. डॉक्टरने पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी तरी पी."

"तहान नाही."

डॉक्टरने बाटली मागे घेतली. बाटली तशीच मांडीवर धरून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"घरी कोण कोण असतं?" त्याने विचारलं.

"आई."

"बरी आहे?"

"जिवंत आहे," नायिफ म्हणाला आणि हॉटेलांचा रस्ता सोडून त्याने गाडी कोरड्या ओढ्यात घातली.

खडी चाकांखाली कडकडली. कुठे चाललोय, हे डॉक्टरने विचारलं नाही. नायिफला त्याचाच राग आला. घाबर ना, मेल्या! ओरड तरी!

दोन्हीकडे कडे उभे राहिले तशी त्याने गाडी थांबवली. सीटखालून फडकं ओढलं.

"गाडीत आहात तोवर तुम्ही माझ्या जबाबदारीत. खाली उतरा."

डॉक्टर उतरला. पुडी त्याने बॉनेटवर ठेवली.

"मी कोण, ते ठाऊक आहे?" नायिफने विचारलं.

"मुतीअचा धाकटा. पाटी धरून उभा होतास तेव्हाच ओळखलं. तेच डोळे." डॉक्टरचे ओठ सुकले होते. "मी पळालो, नायिफ. भित्रा होतो. अजूनही आहे. माझी आई म्हणाली, मी मरायच्या आत त्यांच्या दारात जा, मान खाली घाल. तेवढ्यासाठी आलोय. भाषणाचं नुसतं निमित्त."

"आता? आता आठवलं?" नायिफ ओरडला. डोळे भरून आले, तसा त्याने पिस्तुलाचा हात वर केला. "दार केव्हाच बंद झालंय! आणि मला रोखायला तुमच्याकडे काही नाही. पिस्ते घेतले नाहीत, पाणी घेतलं नाही. तुमच्या घरचा कणसुद्धा माझ्या पोटात नाही!"

डॉक्टरने बॉनेटवरच्या पुडीकडे पाहिलं.

"पिस्ते तू घेणार नाहीस, हे माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "तू कशासाठी आलायस, तेवढंच बघायचं होतं."

मग त्याने विचारलं, "सकाळच्या भाकऱ्या फार खारट झाल्या होत्या का रे? तू ह्या गाड्यांवर आहेस हे कळल्यावर माझ्या आईने पहाटे उठून भाजल्या, स्वतः हिबाकडे नेऊन दिल्या. तिला हल्ली मिठाचा अंदाज येत नाही."